शेंदराचा संशय

हळदीच्या वासाला मी आजही भितो. लग्नघरात माणसं हौसेने हळद लावायला पुढे सरसावतात आणि मी आपला चपला शोधायला लागतो. आमची ही म्हणते, लोक वाघाला भितात, पोलिसाला भितात, ह्यांचं सगळंच जगावेगळं. तिला किती वेळा सांगितलं, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. माझ्या वाढत्या वयातली काही वर्षं सांगलीच्या पेठेत एका हळदीच्या वखारीवर टांगलेली होती. खाली पोत्यांची थप्पी, वर लाकडी माडी, आणि त्या माडीवर वर्षातून दोनदा माझं पुढे काय करायचं ते ठरायचं. जिना चढताना तो वास नाकातून घशात उतरायचा आणि मला वाटायचं, आता सूर लागायचा नाही. लागायचा तो. पण जिन्यावर दर वेळी तसंच वाटायचं.

त्या वखारीचे मालक अण्णा म्हणून होते. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. हळदीचे मोठे अडते, गाण्याचं विलक्षण वेड, आणि पोटी मूल नाही. जाताना त्यांनी आपल्या कमाईतला एक वाटा बाजूला काढून न्यास करून ठेवला होता, खेड्यापाड्यातल्या होतकरू पोरांना गाणं शिकता यावं म्हणून. पोराचं राहणं, जेवणखाण, गुरूची बिदागी, सगळं न्यास बघायचा. अट एकच होती : पोरगं गात असलं पाहिजे. दसऱ्याच्या आणि पाडव्याच्या आसपास माडीवर बैठक व्हायची, तिला सगळे ‘ऐकणी’ म्हणत. ऐकणीत जो टिकला तो राहिला, जो घसरला त्याने गाठोडं बांधायचं. अण्णांच्या मागे त्यांच्या पत्नी सगळं बघत. पेठेतला हमालसुद्धा त्यांना वहिनी म्हणायचा. पांढरी साडी, जाड चष्मा, आणि ऐकताना चेहऱ्यावर काहीच नाही. मान हलवणारा माणूस बरा, निदान कळतं तरी.

मी माण तालुक्यातला. म्हसवडच्या पुढे आमची वस्ती, जिथे आभाळ भरून येतं ते फक्त आम्हाला चिडवायला. वडील फौजेत. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो आणि वर्षातून एकदा बघायचो. सिद्धनाथाच्या जत्रेत मी भजनात गायलो होतो, ते सांगलीहून आलेल्या एका बुवांनी ऐकलं. ते न्यासाच्या मुलांना शिकवायचे. त्यांनी माझा आवाज उचलला, म्हणजे आईच्या शब्दात सांगायचं तर घारीने पिल्लू उचलावं तसा. आई पोराला परक्या गावात धाडायला अजिबात तयार नव्हती. दहिवडीच्या पलीकडे तिने पाय टाकलेला नव्हता. पण आप्पा नेमके सुट्टीवर होते आणि त्यांनी एका दमात निकाल दिला, “दस्तगीरच्या घरी ठीव त्याला. माझ्या पलटणीतला माणूस हाय.” पलटणीतला म्हटलं की आप्पांच्या दृष्टीने जात, गाव, नातं सगळं त्यात आलं. आईच्या दृष्टीने त्यात काहीच आलं नव्हतं, पण तिने माझं गाठोडं बांधलं.

दस्तगीरचाचा नदाफ. पाय जायबंदी झाल्यावर फौजेतून घरी आले आणि बापजाद्यांच्या धंद्याला लागले, कापूस पिंजायचा आणि गाद्या-उशा भरायच्या. दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण, अंगणात पत्र्याखाली पिंजायची जागा. तिथे दोरीला टांगलेली ती भली मोठी धनुकली आणि तिच्या तारेवर पडणारा लाकडी ठोकळा. धुंग, धुंग, धुंग. पहाटे मी रियाजाला बसायच्या आधी चाचा ठोका धरायचे, आणि मी नकळत त्याच सुरावर ‘सा’ लावायचो. बुवांना हे कळल्यावर ते म्हणाले, तानपुरा परवडला असता तर बरं झालं असतं, पण असू दे. घरभर कापसाचा भुरका उडत असायचा. पाण्याच्या तांब्यात, भाकरीवर, चाचांच्या पापण्यांवर. जैतूनचाची, म्हणजे चाचांची बायको, दिवसभर पदराने सगळं झटकत असायची आणि झटकता झटकता बोलत असायची. ती बोलायची थांबली की घरात काहीतरी बिघडलंय हे मांजरालाही कळायचं. तिच्या हातचा अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी मी पहिल्या दिवशी लाजत खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून न लाजता. त्यांचा मुलगा मुनीर माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तोही गायचा. दर्ग्यात, गुरुवारी, पोरांच्या घोळक्यात. न्यासाच्या ऐकणीला तो एकदा गेला होता आणि त्याला घेतलं नव्हतं. मला तो ‘पिपाणी’ म्हणायचा.

बुवा माणूस चांगला, पण भित्रेपणात माझे गुरू शोभावेत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाणाऱ्याचे नियम सांगितले. थंड खायचं नाही, ओरडायचं नाही, आणि कुणी दिलेलं पान खायचं नाही. का, तर पानातून शेंदूर घालतात. मग त्यांनी आवाज खाली आणून एका गवयाची गोष्ट सांगितली. भर बैठकीआधी कुणीतरी विडा दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या गळ्यातून नुसती फुटक्या मडक्यासारखी खरखर. पुन्हा जन्मात गायला नाही. पोटात गेलेला शेंदूर दिसत नाही, चव लागत नाही, वैद्याला सापडत नाही, असं बुवा म्हणाले. ही गोष्ट गाणाऱ्यांच्या घरोघर सांगतात हे मला पुढे कळलं. तेव्हा मी अकरा-बारा वर्षांचा होतो आणि मला ती माझ्यासाठीच सांगितल्यासारखी वाटली.

पहिल्या ऐकणीत मला घेतलं, मग दुसरी झाली, तिसरी झाली. माझ्या वरच्या ‘सा’वर वहिनींनी एकदा चष्मा काढून पुसला, त्यावर बुवा महिनाभर खूश होते. माझ्यासमोर एकच उदाहरण वाईट होतं. माझ्याआधी कडेगावचा एक पोरगा न्यासाकडे होता. गळा असा की बुवा त्याचं नाव घेताना अजून कानाला हात लावायचे. त्याचा आवाज फुटला. ऐकणीला त्याला गाता आलं नाही, म्हणून घरी धाडला, आवाज बसला की ये म्हणून. घरी ऊस होता. ऊस काय माणसाला रिकामा बसू देतो का? तो उसात गेला तो उसातच राहिला. बुवांनी हे मला सहज सांगितलं होतं. ज्याला भ्यायचंच असतं त्याला सहज सांगितलेलं पुरतं.

आणि एका सकाळी, धनुकलीच्या ठोक्यावर ‘सा’ लावायला तोंड उघडलं तर माझ्या गळ्यातून दोन माणसं एकदम बाहेर आली. एक मी आणि एक कुणीतरी घोगरा. मी थांबलो. पुन्हा लावला. पुन्हा तेच, मध्येच कोलांटी मारून आवाज खाली. पत्र्याखाली चाचांचा ठोका क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. मुनीर तोंड धुवत होता, तो चूळ टाकून म्हणाला, “फुटली गड्या पिपाणी. माझीबी अशीच फुटली व्हती.” आणि खदाखदा हसला. त्याचं हसणं मला तसं नवीन नव्हतं. पण त्या दिवशी मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. वस्तीवरच्या पोरांचे आवाज फुटताना मी ऐकलेले होते, त्यांना चिडवलेलंही होतं. त्यांचा फुटला तर काय बिघडतं, त्यांना बैलाला हाकच मारायची असते. माझा आवाज माझा कुठे होता? त्या आवाजाच्या जिवावर मी जेवत होतो, झोपत होतो, बुवांच्या घरची चूल अर्धी पेटत होती. तो असा कसा फुटेल?

बुवांनी पहिल्या ओळीतच ओळखलं. त्यांनी पेटीवरचा हात काढला आणि खिडकी लावून घेतली, जणू माझा आवाज रस्त्यावर पळून जाईल. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते घाबरले होते, आणि मोठं माणूस घाबरलेलं दिसलं की लहानाने कुठे बघायचं? त्यांनी माझी पट्टी उतरवली, काळी चारची काळी दोन केली. भूपातली एक लहानशी चीज बसवायला घेतली, जिच्यात वर जावंच लागणार नाही. आणि ऐकणीपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, अगदी चहा पाहिजे का विचारलं तरी मानेने सांगायचं, असा हुकूम केला. ऐकणी पार पडली की पुढचं पुढे बघू, असं ते दिवसातून दहादा म्हणायचे. ते मला धीर देत होते की स्वतःला, ते मला आजही सांगता यायचं नाही.

मुका झालो, आणि मुक्या माणसाच्या डोक्यात फार बोलणं चालतं. शेंदराची गोष्ट तिथे कधी येऊन बसली ते कळलं नाही. एकदा बसली ती उठेना. चाची ताट पुढे करायची आणि मी आमटीचा रंग बघत राहायचो. तिच्या मसाल्याचा तवंग लालच असायचा, नेहमीसारखा. तरी मी भाकरीचा तुकडा बुडवायचो आणि तसाच ठेवायचो. मुनीरने पाण्याचा तांब्या दिला की मी ओसरीवर जाऊन ओतून टाकायचो. हा मुनीर ऐकणीत नापास झाला होता, ही त्याची आई होती, एवढं एकाला एक जोडायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याच घरात मला ताप आला होता तेव्हा ही बाई उशाशी बसून राहिली होती, हेही मला आठवायचं, आणि मग तर जास्तच भीती वाटायची. आपण ज्याच्या हातचं विश्वासाने खातो त्याच्याविषयी असं मनात येणं ह्यापेक्षा भयंकर दुसरं काही मी आयुष्यात अनुभवलेलं नाही. चाचीला माझं न खाणं दिसत होतं. ती म्हणायची, रियाजाचा ताण आलाय पोराला, आणि आणखी एक भाकरी टाकायची.

ह्या ऐकणीच्या आधी आई आली. एसटीने, दोन बदलून, डोक्यावर हुलग्याच्या पिठाचं आणि बाजरीच्या भाकरीचं गाठोडं घेऊन. तिला वाटलं होतं, लेकाचं गाणं एकदा माडीवर बसून ऐकावं. मी तिला बघून सगळे हुकूम विसरलो आणि “आई” म्हणालो. त्या दोन अक्षरांत माझा आवाज दोनदा फुटला. आईच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे राहिलं. तिने माझा जबडा धरून तोंड उघडायला लावलं, जीभ बघितली, मग माझी बारीक झालेली मनगटं बघितली. जेवत का नाहीस म्हणून विचारलं, तर मी रडायला लागलो आणि बुवांनी सांगितलेली ती गवयाची गोष्ट तिला सांगितली. एवढंच. आणखी एक शब्द मी बोललो नाही, बोलायची गरजही पडली नाही.

तिने त्याच दुपारी अंगणाच्या कोपऱ्यात तीन धोंडे मांडले आणि चूल पेटवली. माझं आणि तिचं जेवण वेगळं. चाचीला सांगितलं, नवस हाय सिद्धनाथाचा, सोवळ्यातलं खायचं. चाची मुसलमान असली तरी सातारा-सांगलीच्या मातीत वाढलेली बाई, सिद्धनाथाचा नवस कसा असतो तिला माझ्या आईइतकाच माहीत. तिने एकदा त्या चुलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ती बोलायची थांबली. घरात नुसती धनुकली बोलत राहिली. आई मला हुलग्याचं माडगं पाजायची, आणि सकाळी अनशापोटी कडूलिंबाचा रस. शेंदूर ओकून पडतो असं तिला आमच्याकडच्या एका देवऋष्याने केव्हातरी सांगितलं होतं. मी अंगणातल्या मोरीपाशी वाकून ओकायचो, आई माझी पाठ चोळायची आणि ओकारीत वाकून बघायची, कुठे तांबडं दिसतंय का. चाची स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघायची. तिला कळलं होतं. चाचांना कळलं होतं. मुनीरने मला पिपाणी म्हणायचं सोडलं, आणि ते ऐकायला मिळावं म्हणून मी आतल्या आत तळमळत होतो.

आता मी त्याच न्यासाच्या ऐकणीला समोरच्या गादीवर बसतो. न्यासाची जागा बदलली, माडी राहिली नाही. पोरं आधी मोबाईलवर चित्रफीत धाडतात, मग निवडक पोरांना बोलावणं जातं. सगळं फार सुटसुटीत झालंय. माझा स्वतःचा आवाज पुढे आला तो जाडाभरडा, मैफलीचा नव्हेच. साताऱ्याला शाळेतल्या मुलांना गाणं शिकवून मी माझी भाकरी कमावली आणि त्यात मला कमीपणा कधी वाटला नाही. पण समोर एखादं पोरगं येऊन बसतं, मांडीखाली हात दडपतं आणि ‘सा’ लावायच्या आधी एकदा गिळतं, तेव्हा बाकीचे त्याच्या गळ्याकडे बघतात आणि मी त्याच्या हातांकडे. देणारे हात मोठे असतात हे खरंच आहे. घेणाऱ्याला रात्री कशी झोप लागते हे मात्र देणाऱ्याला कुणी सांगत नाही. आम्हीसुद्धा वहिनींना कधी सांगितलं नाही.

तर त्या वेळच्या ऐकणीचा दिवस उजाडला. दुपार कलल्यावर आम्ही निघालो. पुढे बुवा, मध्ये मी, मागे आई, आणि बरंच मागे, पाय ओढत चाचा. पोराचे सांगलीतले पालक म्हणून त्यांना यावंच लागायचं. वखारीत हळद दळून ठेवलेली होती. जिन्यात तो वास आणि माझ्या तोंडात कडूलिंब. माडीवर पेठेतले पाच-सहा अडते लोडाला टेकून बसले होते, वहिनी मध्ये. बायकांच्या बाजूला आई भिंतीला चिकटून बसली. चाचा दाराशी उभे. बुवांनी पेटीवर सूर धरला आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या कपाळावर घाम आहे हे मला दिसलं.

चार ओळी मी कशाबशा सांभाळल्या. वर जायचं नव्हतंच. पण भीतीने आवाजाचं काय होतं ते भीतीलाच माहीत. साध्या पंचमावर गळा फाटला आणि माझ्यातून असा काही आवाज निघाला की एका अडत्याने दचकून सुपारीचा डबा खाली ठेवला. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तसंच. बुवांची पेटी थांबली. आणि त्या शांततेत आई उठून उभी राहिली. आईने आयुष्यात चार परक्या माणसांसमोर तोंड उघडलेलं नव्हतं. तिने पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि म्हणाली, “वैनीसाब, माझ्या लेकराला कुणीतरी शेंदूर घातलाय.”

वहिनींनी विचारलं, कुणी? आईचे डोळे दाराकडे गेले, आणि मग माडीवरचे सगळे डोळे दाराकडे गेले. बुवा घाईघाईने म्हणाले, असं असेल तर ह्यात मुलाचा काही दोष नाही, न्यासाने औषधपाणी बघावं. मला तेव्हाही कळलं की बुवांना सुटल्यासारखं वाटत होतं. आवाज फुटला म्हणजे पोरगं गेलं, बिदागी गेली. शेंदूर घातला म्हणजे पोरगं राहिलं. वहिनींनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या अंगालाही हळदीचाच वास होता. त्या म्हणाल्या, “बाळ, घाबरू नकोस. तुला कुणी काही खायला घातलं का? तू सांगशील ते आम्ही खरं धरू. तसं असेल तर न्यास तुला सोडणार नाही, दुसऱ्या चांगल्या घरी ठेवू.”

नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं, मुकं राहण्याची सवय तर झालीच होती. सांगली राहिली असती, गाणं राहिलं असतं, कडेगावच्या पोराची वाट मला धरावी लागली नसती. आणि खोटं बोलतोय असंही मला वाटलं नसतं, कारण अर्ध्या मनाने मी ते खरंच धरून चाललो होतो. मी दाराकडे बघितलं. चाचा ताठ उभे होते, फौजेत उभे राहत असतील तसे, समोरच्या भिंतीवर नजर. पण हातातली टोपी त्यांनी पिळून पार दोरी केली होती. ज्या माणसाने लढाईत पाय अधू करून घेतला आणि त्याच्या गोष्टी हसत हसत सांगितल्या, तो एका पोराच्या तोंडाकडे न बघण्याचा आटापिटा करत होता. मला माझी भीती इतके दिवस सोसवत होती. त्यांची सोसवली नाही.

मी म्हणालो, “कुणी न्हाई घातला. माझा आवाज फुटलाय. सगळ्या पोरांचा फुटतो तसा.”

एवढं बोलताना आवाज किती वेळा वरखाली झाला कोण जाणे. अडते हसले. वाईट नव्हतं ते हसणं, त्यांच्याही घरात पोरं होती. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग बराच वेळ अण्णांच्या फोटोकडे बघितलं. म्हणाल्या, त्यांनी गाणाऱ्यासाठी ठेवलंय, मला त्यात फिरवाफिरव करता येत नाही. आवाज बसला की ये, मी स्वतः ऐकेन. म्हणजे तेच, जे कडेगावच्या पोराला सांगितलं होतं. बुवांनी पेटीचा भाता बंद केला. मी जिना उतरलो तेव्हा मला कसलाच वास येत नव्हता.

आईचं गणित साधं होतं, संध्याकाळची एसटी गाठायची. घरी पोचलो तर वखारीच्या जिन्याखाली कान देऊन उभा असलेला मुनीर आमच्या आधी धावत येऊन सगळं सांगून मोकळा झालेला. चाची चुलीपुढे भाकरी थापत होती आणि इतक्या दिवसांचं न बोललेलं तिने एकदम बाहेर काढलं. माझ्या आईकडे न बघता, परातीकडे बघून. “माझ्या हातात विष असतं तर तुझं पोरगं एवढं वाढलं असतं का? अंगणात चूल मांडलीस ताई, गल्लीनं बघितली. गल्ली मला काय काय विचारतीय, तुला ठाऊक हाय?” आणि मग तिचा आवाज फुटला, माझ्यासारखाच. चाचा म्हणाले, बस कर जैतून. ती म्हणाली, का बस करू?

आई दारात उभी होती. आमच्याकडे माफी मागायची रीत नाही, आणि कुणी मागितलीच तर ती खरी वाटत नाही. मला वाटलं, ती गाठोडं उचलेल आणि मला ओढत स्टँडवर नेईल. ती अंगणात गेली. चुलीचे धोंडे अजून कोमट असतील. तिने ते एकेक उचलून भिंतीपलीकडे टाकले, राखेवर पाणी मारलं, मोरीवर हात धुतले. मग स्वयंपाकघरात आली आणि चाचीच्या समोर, जमिनीवर, पाट न घेता बसली. म्हणाली, “मला वाढा.”

चाचीने किती वेळ लावला म्हणून सांगू. तव्यावरची भाकरी करपायला आली तेव्हा तिने ती उतरवली आणि आईच्या ताटात टाकली, वर अख्ख्या मसुराचा डाव. आईने मान खाली घालून सगळं खाल्लं. मी दाराशी बसून तिचा एकेक घास मोजत होतो, जणू अजूनही काही होऊ शकत होतं. चाचांनी तेवढ्यात तोंड फिरवून सांगून टाकलं, न्यासाने सोडलं असेल, पलटणीने सोडलेलं न्हाई. पोरगं सकाळी आपल्याबरोबर कापूस पिंजेल, दुपारी बुवांकडे जाऊन नुसतं बसून ऐकेल, आणि आवाज यायचा तवा येईल. ताट आईने स्वतः घासलं, चाची नको नको म्हणत असताना.

एसटीची वेळ झाली. तिने गाठोडं बांधलं, त्यात माझे कपडे घातलेच नाहीत. उरलेलं हुलग्याचं पीठ चाचीच्या डब्यात ओतलं. उंबऱ्यावर थांबून ती चाचीला म्हणाली, “ह्याला बळं बळं वाढत जावा, बाई. भिऊन अर्ध्या पोटी उठतंय.” आणि माझ्याकडे न बघता गल्लीला लागली.